केनिया सफारीत बचाव केंद्राची भेट कशी बसवावी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडच्या टूर कंपन्यांचे केनियाचे कार्यक्रम साधारण एकाच साच्यातले असतात. मसाई मारा, नाकुरू किंवा नैवाशा, जमलं तर अंबोसेली, आणि नैरोबीत रात्रीचा मुक्काम. नैरोबी म्हणजे विमान पकडायची जागा, एवढंच तिचं स्थान. पण या शहराच्या दक्षिण अंगाला, लँगाटा आणि कॅरेन या भागांत, अनाथ आणि जखमी वन्यप्राण्यांना सांभाळणाऱ्या जागा आहेत. अर्धा दिवस नीट आखला तर त्या पाहून होतात. हा लेख तो अर्धा दिवस आखण्यासाठी.

आधी अपेक्षा जुळवून घ्या

बचाव केंद्राला लोक ‘झू’ म्हणतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. प्राणिसंग्रहालयात प्राणी दाखवण्यासाठी ठेवलेले असतात. बचाव केंद्रात ते आलेले असतात, बहुतेकदा वाईट अवस्थेत: आईची शिकार झाली, विहिरीत पडले, दुष्काळात कळपापासून तुटले, फासात पाय अडकला, किंवा कुणीतरी घरात पाळलेले सापडले. काम चालू असतं आणि आपण ते बाजूला उभं राहून पाहतो. जुन्नरजवळचं माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र ज्यांना ऐकून माहीत आहे, त्यांना हा प्रकार नवा नाही. उसाच्या फडात सापडलेले, विहिरीतून काढलेले बिबटे तिथे येतात. काही बरे होऊन परत रानात जातात, काही कायमचे तिथेच राहतात.

म्हणून ‘सिंह किती दिसतील’ हा प्रश्न मारासाठी राखून ठेवा. इथे विचारायचा प्रश्न वेगळा: हा प्राणी इथे कसा आला आणि पुढे कुठे जाणार?

कुठे जायचं

नैरोबीत मुख्य दोन जागा. पहिली, शेल्ड्रिक वाइल्डलाइफ ट्रस्टची हत्तींच्या पिल्लांची नर्सरी. डेव्हिड शेल्ड्रिक हे त्सावो पूर्व राष्ट्रीय उद्यानाचे पहिले वॉर्डन. त्यांच्या निधनानंतर पत्नी डॅफ्ने यांनी 1977 मध्ये हा ट्रस्ट सुरू केला. आजवर तीनशेहून जास्त अनाथ पिल्लं इथल्या लोकांनी वाढवली आहेत.

दुसरी, नैरोबी ॲनिमल ऑर्फनेज. हे सरकारी आहे. केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिस ते चालवते आणि ते 1964 पासून आहे. सिंह, चित्ते, तरस, कोल्हे, माकडं, पक्षी असा मिश्र गोतावळा. त्याला लागूनच ‘सफारी वॉक’ नावाची लाकडी उंच पायवाट आहे.

दोन्ही जागा नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला आहेत आणि इथेच नवखे लोक फसतात. ऑर्फनेज उद्यानाच्या मुख्य गेटापाशी, लँगाटा रोडवर आहे. शेल्ड्रिकची नर्सरी दुसऱ्या बाजूला, मगादी रोडकडून आत जाते. ‘नॅशनल पार्कमधलं हत्तींचं अनाथालय’ एवढंच ड्रायव्हरला सांगितलंत तर तो तुम्हाला बिनदिक्कत मुख्य गेटावर नेऊन सोडेल. तिथून परत फिरून, नैरोबीच्या ट्रॅफिकमधून दुसऱ्या गेटाला पोहोचेपर्यंत वेळ टळलेली असते. ‘शेल्ड्रिक, मगादी रोड गेट’ असं स्पष्ट सांगा, आणि आदल्या रात्रीच सांगा.

जिराफ सेंटर ही तिसरी जागा जवळच, लँगाटातच आहे. ते बचाव केंद्र नाही, प्रजनन केंद्र आहे. 1979 मध्ये रॉथचाइल्ड जिराफांची जात टिकवण्यासाठी सुरू झालं. तेव्हा केनियात या जिराफांची संख्या फारच थोडी उरली होती. उंच ओट्यावर उभं राहून जिराफाला हाताने खाद्य भरवता येतं, त्यामुळे लहान मुलं सोबत असतील तर ते वगळू नका. फक्त जिराफाच्या डोक्याच्या अगदी शेजारी उभं राहू नका. खाद्य संपलं की तो मान फिरवून टोला देतो आणि तो टोला गमतीचा नसतो.

अकराचा तास आधी पकडा, बाकी सगळं त्याभोवती

शेल्ड्रिकची नर्सरी सर्वसाधारण पाहुण्यांसाठी सकाळी अकरा ते बारा एवढीच उघडी असते. आगाऊ नोंदणी लागते. जागा मर्यादित असतात आणि जुलै ते ऑक्टोबर या मारातल्या वन्यप्राण्यांच्या स्थलांतराच्या मोसमात, तसंच नाताळच्या सुटीत, त्या लवकर संपतात. म्हणून विमानाची तिकिटं निघाली की लगेच पुढचं काम हेच करा. ट्रस्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून नोंदणी होते. टूर कंपनीबरोबर जात असाल तर ‘करून देऊ’ या शब्दावर विसंबू नका, नोंदणीची प्रत मागून घ्या.

आता तारीख. मारा ते नैरोबी रस्त्याने पाच-सहा तास लागतात. वाटेतल्या नारोक गावापर्यंत रस्ता बरा आहे, पुढे तुमच्या कॅम्पवर अवलंबून. म्हणजे माराहून निघून त्याच दिवशी अकराला नर्सरीत पोहोचणं विसरा. छोट्या विमानाने विल्सन विमानतळावर उतरलात, जो तिथून जवळ आहे, तरी सकाळची वेळ जमेलच असं नाही. मग दोनच पर्याय उरतात: सहलीच्या सुरुवातीला नैरोबीत एक सकाळ, किंवा शेवटी एक रात्र नैरोबीत राहून दुसरी सकाळ.

मी शेवटची सकाळ निवडायला सांगेन. अंबोसेलीत किंवा मारात हत्तींचा कळप तास-दोन तास पाहिलेला असला, की म्हातारी हत्तीण पुढे कशी चालते, पिल्लाभोवती मावश्या-बहिणी कशा राहतात, हे डोळ्यांत बसलेलं असतं. मग नर्सरीतल्या पिल्लाकडे पाहताना त्याचं काय गेलंय हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. उलट क्रमाने गेलात तर नर्सरी ही ‘गोड पिल्लांची जागा’ एवढीच राहण्याचा धोका आहे. मुलं फार लहान असतील तर मात्र पहिला दिवसच बरा. शेवटी ती थकलेली, किरकिरी झालेली असतात.

आणखी एक मोह टाळा. या भेटीसाठी माराचा दिवस कापू नका. मारात परदेशी पाहुण्यांचं प्रवेश शुल्क 2024 पासून जानेवारी ते जून रोज 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर झालं आहे. टूरवाले त्यामुळे आधीच तिथले दिवस आखडते घेतात. कापायचाच असेल तर नैरोबीतला ‘शॉपिंग’चा अर्धा दिवस कापा, कुणाचंही काही अडणार नाही.

कागदपत्रं आणि लस

केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी सुरू केली. अर्ज ऑनलाइन, सरकारी संकेतस्थळावरच. सर्चमध्ये वर दिसणारे मधले दलाल दुप्पट पैसे घेतात. निदान आठवडाभर आधी अर्ज करा.

पीतज्वराची लस मात्र हलक्यात घेऊ नका. केनियाहून परतणाऱ्या प्रवाशाकडे या लसीचं प्रमाणपत्र नसेल तर मुंबई विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. फॅमिली डॉक्टरकडे ती मिळत नाही. केंद्रं मोजकी आहेत आणि वेळ आधी घ्यावी लागते. एकदा घेतली की प्रमाणपत्र जन्मभर चालतं. साठीच्या पुढच्यांनी, आणि ज्यांना अंड्याची ॲलर्जी आहे त्यांनी, लस घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारा. नैरोबी उंचावर असल्याने तिथे धोका कमी, मारात जास्त.

त्या तासात काय होतं

साडेदहाच्या सुमारास गेटावर रांग लागलेली असते. त्याच वेळेला पोहोचा, कारण दोरीजवळची पुढची जागा लवकर येणाऱ्यालाच मिळते. आत मोकळं मैदान, मधोमध चिखलाचं डबकं आणि भोवती दोरी. बसायला खुर्च्या नाहीत, तासभर उभं राहावं लागतं. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना हे आधीच सांगून ठेवा.

अकरा वाजता झाडीतून पिल्लं धावत येतात. खरंच धावत, कान फडफडवत, कारण दुधाची वेळ झालेली असते. लांब कोट घातलेला सांभाळकर मोठी बाटली उंच धरून उभा असतो आणि पिल्लू सोंड बाजूला करून ती तोंडात घेतं. मोठी पिल्लं बाटली स्वतःच सोंडेत धरतात. बाटली संपली की काही जण दुसऱ्याच्या बाटलीवर हक्क सांगायला जातात आणि सांभाळकर त्यांना ढकलून बाजूला करतो. मग माती अंगावर उडवणं, चिखलात लोळणं, दोरीला खेटून जाणं. पुढच्या रांगेतल्यांच्या कपड्यांवर लाल माती हमखास पडते, तेव्हा पांढरा कुर्ता हॉटेलवरच ठेवा.

एक जण माइकवरून प्रत्येक पिल्लाचं नाव, ते कुठे आणि कसं सापडलं, हे सांगत असतो. बहुतेक लोक या वेळी मोबाइलमध्ये डोकं घालून असतात. पहिली पाच मिनिटं हवे तेवढे फोटो काढा आणि नंतर ऐका. सगळा मामला त्या सांगण्यात आहे.

दुधाचंच बघा. हत्तीच्या पिल्लाला गायीचं दूध पचत नाही, त्यातली चरबी त्याला मानवत नाही. डॅफ्ने शेल्ड्रिक यांनी वर्षानुवर्षं वेगवेगळी मिश्रणं करून पाहिली, आणि शेवटी खोबरेल तेल घातलेलं दूध पिल्लांना लागू पडलं. त्याआधी तान्ही पिल्लं जगतच नसत. आपल्याकडे स्वयंपाकघरात आणि केसांना जे तेल असतं, त्यावर ही नर्सरी उभी आहे हे ऐकून कोकणातल्या माणसाला बरं वाटेल.

दुसरी गोष्ट सांभाळकरांची. ते रात्री पिल्लांच्या खोलीतच झोपतात, कारण एकटं पडलेलं पिल्लू खंगत जातं. पण कोणत्या पिल्लाजवळ कोण झोपणार हे ते बदलत राहतात. त्यामागे आयेशा नावाच्या पिल्लाची गोष्ट आहे. डॅफ्ने यांनी तिला एकटीने वाढवलं होतं. 1974 मध्ये मुलीच्या लग्नासाठी त्या काही दिवस बाहेर गेल्या, तेवढ्यात आयेशाने खाणंपिणं टाकलं आणि ती गेली. तेव्हापासून एका पिल्लाची एकाच माणसाशी गाठ पडू द्यायची नाही, हा दंडक झाला.

तीनेक वर्षांची झाली की पिल्लांना त्सावोतल्या वोई किंवा इथुम्बा इथल्या केंद्रात नेतात. ज्यांना तब्येतीने जड जाईल अशांना किबवेझी जंगलातल्या उमानी इथे ठेवतात. तिथे दिवसा रानात, रात्री कुंपणात असं काही वर्षं चालतं आणि हळूहळू ती रानटी कळपांत मिसळतात. किती दिवसांत जायचं हे पिल्लूच ठरवतं. रानात गेलेल्या हत्तिणी पुढे आपली पिल्लं घेऊन जुन्या सांभाळकरांना भेटायला येतात, हे तिथे अनेकदा घडलं आहे. नैरोबी उद्यानात रानटी हत्ती नाहीत, म्हणून हा पुढचा टप्पा दूर त्सावोत.

वागण्याचे नियम साधे आहेत. फ्लॅश बंद. दोरीच्या आत हात घालायचा नाही. पिल्लू जवळ आलं आणि सांभाळकराने हरकत घेतली नाही तरी आपण होऊन ओढाओढ करायची नाही. खायला काही द्यायचं नाही. आरडाओरडा नको, ‘अगंऽऽ इकडे बघ!’ हा आवाज मराठीत आला की लगेच ओळखू येतो आणि लाज वाटते. ड्रोन तर देशातच परवानगीशिवाय चालत नाही.

ऑर्फनेज: इथे जरा मन घट्ट करा

बारा वाजता नर्सरीतून बाहेर पडलात की जेवून दुपारी ऑर्फनेजला जाता येतं. त्याचं तिकीट राष्ट्रीय उद्यानाच्या तिकिटाहून वेगळं असतं. परदेशी पाहुण्यांचे दर डॉलरमध्ये असतात आणि पैसे ऑनलाइन किंवा कार्डने भरावे लागतात, रोख चालत नाही. आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवरून तिकीट काढून ठेवलेलं सोयीचं.

नर्सरीतला उत्साह इथे नसेल. पिंजरे आहेत, जाळ्या आहेत आणि आतले बरेचसे प्राणी परत रानात जाणार नाहीत. माणसाच्या हाताने वाढलेला सिंह गावाजवळ गेला तर गुरांवर जाणार आणि मारला जाणार. आईने शिकार न शिकवलेल्या चित्त्याचं तेच. अशा प्राण्याला सोडून देणं हा दयाळूपणा नव्हे. मारात मोकळा सिंह पाहून आल्यावर हा सिंह पाहणं जड जातं, आणि ‘कशाला आणलं इथे’ असं सोबतचं कुणीतरी म्हणतंच. त्यांना जाळीवरची पाटी वाचायला सांगा. जिथे पाटी नसेल तिथे कर्मचाऱ्याला विचारा. ते आनंदाने सांगतात, आणि पाटीपेक्षा जास्त सांगतात.

एकच जागा निवडायची असेल तर नर्सरी. वेळ असेल तर दोन्ही. फक्त ऑर्फनेज आणि सफारी वॉक करून ‘अनाथालय पाहिलं’ म्हणून कार्यक्रमात खूण करणाऱ्या टूर आहेत, तेवढं आधी तपासा.

खरं केंद्र कसं ओळखायचं

केनिया सोडून आफ्रिकेत इतरत्र जाणार असाल तर हे जास्त कामाचं आहे, कारण ‘रेस्क्यू’ आणि ‘सँक्चुअरी’ या पाट्या कुणीही लावू शकतो. सगळ्यात सोपी कसोटी: सिंहाचा छावा मांडीवर घेऊन फोटो काढू देत असतील तर तिथे जाऊ नका. बस. छाव्याला दिवसभर अनोळखी हातांत देणारी जागा त्याला रानात सोडायला वाढवत नसते. शिवाय छावे कायम लहान राहत नाहीत, म्हणून सतत नवे लागतात, आणि मोठे झालेले कुठे जातात याचं उत्तर फार ओंगळ असतं. दक्षिण आफ्रिकेत अशा पैदास केंद्रांतले सिंह कुंपणातल्या शिकारीसाठी आणि हाडांच्या व्यापारासाठी गेले आहेत. तिथल्या सरकारने 2021 मध्ये बंदिस्त सिंहपैदास थांबवण्याचा इरादा जाहीर केला, पण फोटोचा धंदा एका घोषणेने बंद होत नाही.

चित्त्यासोबत चालणं, हत्तीवर बसणं, माकडाला खांद्यावर घेणं, हे सगळं याच माळेतलं. एखादा कर्मचारी बाजूला घेऊन ‘थोडे पैसे द्या, हात लावू देतो’ म्हणाला तर हसून नको म्हणा. मग जिराफाला भरवणं कसं चालतं, असं मुलं विचारतील. तिथे जिराफ मोकळा फिरत असतो, मन झालं तर ओट्याशी येतो, नाहीतर पाठ फिरवतो; आणि त्या केंद्रात जन्मलेले जिराफ पुढे उद्यानांत पाठवले जातात.

टूर कंपनीला विचारायचे प्रश्न तीनच. इथे प्राण्यांची पैदास होते का आणि कशासाठी? बरे झालेले प्राणी कुठे सोडतात? परवाना कुणाचा आहे? चिंपांझी किंवा इतर माकडांचं केंद्र असेल तर ते पॅन आफ्रिकन सँक्चुअरी अलायन्सचं सदस्य आहे का, हेही पाहा. नीट उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजा.

सोबत काय न्यावं, काय नेऊ नये

प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग घरीच ठेवा. चपला, ओले कपडे, चिवडा, सगळं आपण कॅरीबॅगेत बांधतो. केनियात ऑगस्ट 2017 पासून त्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. राष्ट्रीय उद्यानांत 2020 पासून एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिक बाटल्याही चालत नाहीत. कापडी पिशव्या आणि स्टीलची बाटली न्या.

जून ते ऑगस्ट नैरोबीची सकाळ गार असते, स्वेटर लागतोच. मार्च ते मे मोठा पाऊस. तेव्हा नर्सरीत गर्दी कमी पण चिखल भरपूर, बूट तसे घाला. जेवणाची चिंता नको: पार्कलँड्स भागात डायमंड प्लाझाच्या आसपास शाकाहारी, जैन, सगळं मिळतं. पण तो भाग शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, म्हणून नर्सरी आणि ऑर्फनेज यांच्या मधल्या जेवणासाठी कॅरेनमध्येच काहीतरी बघा किंवा हॉटेलातून डबा बांधून घ्या.

नोंदणी मिळाली नाही तर

त्सावोला जात असाल तर वोई आणि इथुम्बा इथल्या ट्रस्टच्या केंद्रांबद्दल चौकशी करा. तिथल्या भेटींच्या अटी वेगळ्या असतात आणि त्याही आधी ठरवाव्या लागतात.

उत्तरेकडे, माउंट केनियाच्या बाजूला जाणार असाल तर नान्युकीजवळच्या ओल पेजेटा अभयारण्यात स्वीटवॉटर्स हे चिंपांझींचं केंद्र आहे, 1993 पासून. चिंपांझी केनियाचा मूळ रहिवासी नाही. सुरुवातीचे इथे आले ते बुरुंडीतून, तिथे यादवी युद्ध पेटल्यावर. नदीच्या दोन काठांवर त्यांचे वेगवेगळे गट राहतात आणि आपण कुंपणाबाहेरून पाहतो. त्याच अभयारण्यात नाजिन आणि फातू या मायलेकी आहेत, उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांच्या जगातल्या शेवटच्या दोन माद्या. शेवटचा नर, सुदान, 2018 मध्ये गेला. त्यांना भेटण्यासाठी वेगळं तिकीट आणि वेगळी वेळ घ्यावी लागते. नैरोबीहून रस्त्याने चार तास धरा आणि एक मुक्काम ठेवा. वाटेत विषुववृत्ताच्या पाटीशी एक माणूस पातेल्यातलं पाणी रेषेच्या अलीकडे-पलीकडे उलटसुलट फिरवून दाखवेल. ती निव्वळ हातचलाखी असते. मजा म्हणून पाहा, चार पैसे द्या आणि पुढे निघा, कारण ओल पेजेटाचं गेट संध्याकाळी बंद होतं.